शेवंतीची सवय

निहार आणि सुविधाने धारगळला, काजूच्या बागेत, म्हशी पाळल्या, शेळ्या पाळल्या, तोवर गावाला काही म्हणायचं नव्हतं. पण मोरजीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना पाठीवर घेऊन थकलेली शेवंती नावाची घोडी त्यांनी घरी आणली आणि गावाला विषय मिळाला. निहारचे वडील बाबाजी तर तिच्याकडे पाठ करूनच बसत.

"घोडी दूध दिता काय?" ते सुनेला विचारायचे.

"नाय बाबा."

"मगे ती करता काय?"

"तुमी करतास ताच," त्यांची बायको सुमंगला आतून म्हणायची. "खाता आणि सावलेक उभी रवता."

सुविधाला वाईट वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. लोक यायचे, पण कुंपणापलीकडूनच बघून जायचे. डिचोलीहून लग्न होऊन आल्याला इतकी वर्षं झाली, तरी आपणही कुंपणापलीकडच्याच आहोत, असं तिला वाटू लागलं होतं. शेवटी दसऱ्यानंतरच्या एका रविवारी तिने घरोघर जाऊन सगळ्यांना बागेत बोलावलं. पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, जास्तीचे पाव सांगितले. सुमंगलाने पातळभाजीचं मोठं टोप चढवलं.

लोक आले, पोटभर जेवले आणि पुन्हा जाऊन कुंपणाला टेकले. घोडीला काय घालावं, काय घालू नये, याचे सल्ले तिथून मोकळ्या हाताने दिले. जवळ मात्र कुणी गेलं नाही.

तेव्हा सुलोचनाकाकी उठली. काकी शेजारची. घोडीच्या खिंकाळण्याने दुपारची झोप मोडते, ही तिची रोजची तक्रार. तिने पदर खोचला आणि सुविधाला म्हणाली, "माका बसव गे."

"काकी, पडशीत," कुणीतरी म्हणालं.

"पडलंय तर उचला. जेवलास मां सगळे?"

निहारने बाकडं लावलं, सुविधाने हात दिला आणि काकी खोगिरावर बसली. सगळ्या गावाने एकदम मोबाइल वर केले.

शेवंतीने मान ताठ केली, तोंड जरासं वळवलं आणि ती तशीच उभी राहिली. निहारने लगाम ओढला. ती हलली नाही. गूळ दाखवला. गूळ खाल्ला आणि पुन्हा मान ताठ केली.

सुविधाला उलगडा झाला तेव्हा तिला हसू आवरेना. किनाऱ्यावर शेवंतीला एवढंच शिकवलेलं होतं: मोबाइल वर गेला की थांबायचं, खाली आला की चालायचं.

"मोबाइल खाली करा," ती म्हणाली.

मोबाइल खाली गेले. शेवंती निघाली आणि लगेच थांबली.

"कोणी काढल्यान रे?" काकी वरून कडाडली. "मी मेल्यार फोटो लावा. आता ती डबडी खिशात घाला."

मग मात्र सगळ्यांचे हात मोकळे झाले. शेवंती काजूंमधून संथ चालू लागली आणि दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे लोक कुंपण सोडून तिच्याबरोबर चालू लागले. बायका गप्पा मारत, पोरं पुढे पळत. वाटेत गावातल्या मनीषावहिनीने सुविधाच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "उद्या माका शिकवशीत?" सुविधाने हसून मान डोलावली.

संध्याकाळी फोंड्याहून काकीच्या मुलाचा, अनिलचा, फोन आला. सगळे फोटो त्याला पोचले होते. "आई, ही घोडी चलता काय नुसती उभीच?"

"येवन बघ," काकी म्हणाली.

पुढच्या रविवारी तो आला, आणि आणखीही बरेच आले. फाटकाशी बाबाजी पाटी घेऊन बसले होते. मोबाइल पाटीत टाकल्याशिवाय ते कुणाला आत सोडत नव्हते.

"बाबाजी, तू कधी बसतलंस?" काकीने विचारलं.

"माका येळ खंय आसा?" असं म्हणून त्यांनी पाटीत वाजणारा अनिलचा मोबाइल उचलला. "तो घोडयेर आसा, मागीर फोन कर," असं कुणालातरी सांगून पुन्हा पाटीत ठेवला.