आदर्श कुटुंबाचा दुपारचा शो

नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं की बायकोचं काळीज पाघळतं म्हणतात. माझ्या पोटात ढवळून आलं.

नांदेडच्या त्या थंडगार थिएटरात दयानंद माझ्या शेजारी बसून हुंदके देत होता. सख्खा बाप वारला तेव्हा ज्यानं डोळ्याला रुमाल लावला नाही, तो माणूस हिंदी सिनेमातल्या म्हाताऱ्याला खोकला झाला म्हणून रडत होता. मधेच नाक शिंकरून मला म्हणाला, "बघ वर्षा, याला म्हणतेत खानदान."

पडद्यावर खानदान जेवायला बसलं होतं. टेबल एवढं लांब की त्यावर आमच्या केळीचा अख्खा ट्रक उतरवून घ्यावा. वीस-पंचवीस माणसं एकमेकांच्या तोंडात घास घालत होती. गरम पोळ्या येतच होत्या. त्या कुठून येत होत्या देव जाणे, कारण तीन तासांच्या सिनेमात स्वयंपाकघर एकदाही दाखवलं नाही. बायका नटूनथटून वाढत होत्या, आणि एकीच्याही पदराला पिठाचा डाग नव्हता.

गोष्ट म्हणाल तर एवढीच. धाकटी सून डॉक्टर असते. तिला शहरात मोठी नोकरी मिळते, ती जायला निघते आणि घरावर संकटं कोसळतात. सासरा अंथरूण धरतो, भाऊ भावाशी बोलेनासा होतो, तुळस वाळते. मग सुनेला पश्चात्ताप होतो. ती स्टेशनवरून परत येते, गळ्यातलं ते डॉक्टरचं यंत्र काढून देवापुढे ठेवते आणि सासऱ्याच्या पायावर डोकं टेकवते. त्यासरशी म्हातारा खडखडीत बरा होतो. अख्खं थिएटर मुसमुसत होतं. माझ्या पलीकडे बसलेली माझी धाकटी जाऊ पुनम तेवढी कोरड्या डोळ्यांनी समोर बघत होती, आणि तिनं मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी आवळून धरली होती.

त्या पर्समध्ये तिची नोकरीची ऑर्डर होती. पुनम नर्सिंग शिकलेली. लातूरच्या सरकारी दवाखान्यात तिचा नंबर लागला होता आणि हजर व्हायची मुदत दुसऱ्या दिवशी, सोमवारी संपत होती. ऑर्डर आल्यापासून दयानंद "बघू" म्हणत होता. त्याचा धाकटा भाऊ, म्हणजे पुनमचा नवरा सत्यम, "दादा म्हणंल तसं" म्हणत होता. सासूबाई, सुभद्राबाई, "बाईनं पाय बाहीर काढला की घराचा खांब हलतो" म्हणत होत्या. मधे एकदा तो कागद रद्दीच्या गठ्ठ्यात सापडला. कुणी टाकला विचारलं तर कुणीच नाही, आपोआप गेला. तेव्हापासून पुनम पर्स उशाशी घेऊन झोपायची.

आता हा सिनेमा आम्ही का बघत होतो तेही सांगते. दयानंदला जिल्हा परिषदेचं तिकीट पाहिजे होतं. तिकीट पक्षाच्या व्यंकटरावांच्या हातात, आणि व्यंकटरावांच्या डोक्यात असलं काहीतरी सारखं निघत असतं. त्यांनी रविवारचा दुपारचा अख्खा शो बुक केला आणि जिल्ह्यातल्या एकत्र कुटुंबांचा सत्कार ठेवला. आधी सिनेमा, मग शाल-श्रीफळ. दयानंदनं आमच्या अर्धापूरहून नाव दिलं: एका चुलीवर सतरा माणसं. खरं म्हणजे माझे चुलत सासरे आणि त्यांच्या पोरांनी दोन वर्षांमागंच भांडून वेगळा गॅस घेतलाय. अंगणात मधोमध पत्रे ठोकलेत. पण फुकट सिनेमा, वर समोसा म्हटल्यावर तेही एका चुलीचे झाले. पत्र्यापलीकडून शिव्या घालणाऱ्या चुलत जावा गाडीत माझ्या मांडीला मांडी लावून बसल्या आणि "आपल्या घरासारखं घर न्हाई बाई" म्हणाल्या. तोंडात सुपारी होती म्हणून मी गप्प बसले.

सिनेमा संपला, दिवे लागले. पडद्यापुढच्या चिंचोळ्या मंचावर खुर्च्या मांडल्या गेल्या. देगलूरचं एक कुटुंब झालं, मुदखेडचं एक झालं. मग आमचं नाव पुकारलं. आम्ही सगळे वर जाऊन रांगेत उभे राहिलो. सासूबाईंना मधल्या खुर्चीत बसवलं. व्यंकटरावांनी शाल घातली, फोटो झाले, आणि दयानंदनं माइक हातात घेतला. डोळे अजून लाल होते. ते त्यानं मुद्दाम पुसले नव्हते.

"आत्ता आपण पिच्चर बघितला," तो म्हणाला. "पर ही कहाणी पिच्चरची न्हाई. ही आमच्या घरची कहाणी हाय. आमची धाकटी सून पुनम. तिला लातूरला सरकारी नोकरी लागली. सरकारी! आजकाल कोण सोडतं? पर ती मला काय म्हणली ठावं हाय? म्हणली, भाऊजी, मला नोकरी नको, मला माझी माणसं पायजेत."

थिएटर टाळ्यांनी दणाणलं. पुढच्या रांगेतल्या बायका पुन्हा पदर डोळ्याला लावू लागल्या.

पुनम यातलं एक अक्षर बोलली नव्हती. बोलायची संधीच तिला कुणी दिली नव्हती. तिनं सत्यमकडे बघितलं. सत्यम टाळ्या वाजवत होता. त्याला हे आधीच माहीत होतं, का नुसत्या टाळ्या ऐकून तो आपोआप वाजवायला लागला होता, ते मला आजवर कळलं नाही, आणि दोन्हींत फारसा फरक आहे असंही वाटत नाही. शेणात पडलेल्या पैशाकडे बघावं तसं मी माझ्या नवऱ्याकडे बघत होते. उचलायची इच्छा नाही आणि आपलाच आहे म्हणून टाकवतही नाही.

"अशा त्यागी सुनेचा मान आपण करायचा," दयानंद पुढे म्हणाला. "माझी मंडळी, थोरली जाऊ वर्षाराणी, तिच्या हातानं धाकटीची ओटी भरणार हाय."

हे मला नवीन होतं. पण ताट तयार होतं. व्यंकटरावांच्या महिला आघाडीच्या बाईंनी ते माझ्या हातात दिलं: खण, नारळ, गहू, हळकुंड, सुपारी, कुंकवाची कोयरी. सगळं जुळवून ठेवलेलं. सतरा माणसांपुढे आणि भरल्या थिएटरात पदरात ओटी घेतली की बाई पुन्हा तोंड उघडू शकणार नाही, असा त्याचा हिशेब. ओटीला नाही म्हणणारी सून अजून आमच्या भागात जन्माला यायचीय.

मी पुनमपुढे उभी राहिले. तिला कुंकू लावायला वाकले तेव्हा ती ओठ न हलवता म्हणाली, "ताई, मला न्हाई भरून घ्यायची."

आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात उजेड पडला. पुरुषांनी ओटी फक्त लांबून बघितलेली असते. त्यांना वाटतं, ओटी म्हणजे बायकांचं शाल-श्रीफळ. ओटी कधी भरतात, हे आमच्या घरातल्या एकाही पुरुषाला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

"भरून घे," मी हळूच म्हणाले. "ऑर्डर जवळ हाय ना?"

"हाय."

"मग पसर पदर."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि पदर पसरला. मी नारळ घातला, खण घातला, पाच वेळा ओंजळीनं गहू घातले. फोटोवाला म्हणाला, इकडं बघा, आम्ही बघितलं. मग मी दयानंदच्या हातातून माइक घेतला. त्यानं दिला. बायको चार गोड शब्द बोलेल असं त्याला वाटलं असणार.

"ओटी भरली," मी म्हणाले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. "आता पाठवणी करा. पुनमला उद्या लातूरला दवाखान्यात हजर व्हायचंय. आपल्यात ओटी भरून बाईला वाटंला लावतेत. भरल्या ओटीनं घरी बसवत न्हाईत. काय हो आत्या, खरं का खोटं?"

मी सासूबाईंना विचारलं, कारण दुसऱ्या कुणाला विचारून उपयोग नव्हता. दयानंदचा चेहरा उतरला. "वर्षा, काय बोलायलीस?" तो दात खाऊन म्हणाला. माइकनं तेही सगळ्यांना ऐकवलं.

सासूबाई खुर्चीत शाल सावरत बसल्या होत्या. त्यांनी आपल्या मुलाकडे बघितलं, मग पुनमच्या फुगलेल्या पदराकडे. पुनम जावी असं त्यांना वाटत नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. पण रीत म्हणजे रीत. आयुष्यभर त्यांना रीतीखेरीज कुणी काही दिलं नव्हतं, आणि ती मोडायची त्यांची छाती नव्हती.

"खरंच हाय," त्या म्हणाल्या. "भरल्या ओटीची बाई माघारी नेऊ न्हाई. अवदसा येती."

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या लगेच माना हलवू लागल्या. "हाव, हाव. बरोबर हाय." एक तर उठून म्हणाली, "लेकराला उशीर करू नका, गाडी निघून जाईल."

पुढे जे झालं त्याची मला सगळ्यात जास्त किळस आली. मला वाटलं होतं, आता आरडाओरडा होईल, दयानंद माझ्या हातातून माइक हिसकावेल, सत्कार मोडेल. तसं काही झालं नाही. व्यंकटराव मुरलेले पुढारी. त्यांनी एका नजरेत बायकांच्या रांगा बघितल्या, माइक घेतला आणि श्वासही न घेता म्हणाले, "हेच! हेच मी सांगत होतो! एकत्र कुटुंब म्हणजे काय? सुनेच्या पाठीशी सतरा माणसं उभी! दयानंदराव, जिंकलं तुम्ही! बघा, सून नोकरीला निघाली तर घर ओटी भरून पाठवतंय! टाळ्या!"

आणि टाळ्या झाल्या. तेवढ्याच. तीच माणसं, तेच ओले डोळे, तेच हात. सुनेनं नोकरी सोडली म्हणून जेवढ्या वाजल्या तेवढ्याच सून नोकरीला निघाली म्हणून वाजल्या. चुलत जावा शिट्ट्या मारायच्या तेवढ्या बाकी होत्या. दयानंदनं आधी इकडे तिकडे बघितलं, मग दोन बोटं तळहातावर आपटली, आणि व्यंकटरावांचा हात खांद्यावर पडल्यावर तो सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवू लागला.

"आणि नवऱ्यानं जातीनं सोडून यावं!" व्यंकटराव गरजले. सत्यम म्हणाला, "हाव साहेब." दादा म्हणेल तसं करणारा पोरगा आता साहेब म्हणेल तसं करायला निघाला. कुणाचं का असेना, काम झालं. व्यंकटरावांच्याच एका कार्यकर्त्यानं दोघांना गाडीत घालून एसटी स्टँडवर नेलं. जाताना पुनम माझ्या पाया पडायला वाकली, तेव्हा पदरातले थोडे गहू मंचावर सांडले. "साड्या मागून पाठवते," मी म्हणाले. तिचं सगळं लक्ष दाराकडे होतं, आणि ते मला फार आवडलं.

परतीला आमच्या गाडीत दयानंद पुढे ड्रायव्हरशेजारी, मी आणि सासूबाई मागे. बाकीचे दुसऱ्या गाडीनं गेले. एक माणूस कमी झाल्यावर केळी काढायला येणाऱ्या मजुरांचा चहा, सासूबाईंची औषधं, सकाळ-संध्याकाळच्या भाकरी हे सगळं कुणाच्या अंगावर येणार ते मला कळत होतं. त्याचं मला ओझं नव्हतं. नांदेड मागे पडल्यावर दयानंद आरशात बघून म्हणाला, "लई शहाणी झालीस. घरी चल, मग तुला दाखवतो. चारचौघांत माझी इज्जत..."

तेवढ्यात फोन वाजला. कुणीतरी सत्काराचा व्हिडिओ बघून अभिनंदनाला फोन केला होता. दयानंदचा आवाज लोणी लावल्यासारखा मऊ झाला.

"हाव, हाव साहेब. आपल्याच घरची हाय. न्हाई हो, मीच म्हणलं, जा पोरी, तू शिकलीस, तुझ्या शिक्षणाचं सोनं कर. घरचं आमी बघू. हाव. सून कसली, लेकच हाय ती. रडायलाच आलं बघा मला."

आणि त्याचे डोळे खरोखरच भरून आले. मी आरशात बघितलं. तो खोटं बोलत नव्हता. त्या दोन मिनिटांत त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास बसला होता. उद्या तो हेच मला सांगणार, परवा पोरांना सांगणार, आणि वर्षभरानं पुनमला सांगणार, मी होतो म्हणून तू गेलीस.

"गाडी थांबवा," मी म्हणाले. "मला उलटी होतीय."

ड्रायव्हरनं केळीच्या एका बागेशी गाडी बाजूला घेतली. मी उतरून बांधावर वाकले. पोट पिळवटत होतं, तोंडाला पाणी सुटत होतं, पण बाहेर काही येईना. गाडीतून दयानंदचा आवाज ऐकू येत होता. दुसरा फोन आला होता.

सासूबाई गुडघे धरत उतरल्या आणि पाण्याची बाटली घेऊन माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्यांनी याआधी कधी ठेवला होता ते मला आठवेना.

"व्हतंय असं," त्या म्हणाल्या. "तुझा सासरा चारचौघांत बोलायला लागला की मला बी व्हायचं."

"मग काय करायच्या?"

"काय करायचं? पाणी प्यायचं, दाबून ठिवायचं. आपसूक खाली बसतंय." त्यांनी झाकण उघडून बाटली माझ्यापुढे धरली. "नंतर नंतर तर व्हायचंच बंद झालं बघ."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी ते समजूत घालायला म्हटलं होतं. दिवसभरात मला भीती वाटली ती तेवढीच.

मी बाटली बाजूला सारली, पुन्हा वाकले आणि घशात बोटं घातली.