टाळकऱ्याची जागा

या, जरा पुढं सरकून बसा. कथा लहान आहे आणि माणूसही साधा आहे, लांबून ऐकलात तर हाती लागायचा नाही. कीर्तनात बुवांचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. त्यांच्या पाठीमागं उभं राहून टाळ धरणाऱ्याला कोण विचारतो? आज त्याला विचारू. प्रभूच्या कृपेनं माझा गळा बरा आहे, तुमचे कान मोकळे आहेत, तर ऐका.

"दाजी, खाली नका बसू! अगं लिडिया, खुर्ची आण आधी!"

मेहुणा जॉर्ज ओरडला तोवर कृपादान चटईवर मांडी घालून बसलाही होता.

"राहू दे रे जॉर्ज. नऊ वर्षं खुर्चीवरच बसतोय मी."

"वा! नैरोबीचे साहेब आमच्याकडं येऊन चटईवर बसले, असा सगळ्या मंडळीत बोभाटा व्हायला हवा काय?"

खुर्ची शेजारून मागून आणलेली होती. ती आली, तिच्यावर उशी आली, पाठोपाठ चहा आला. कृपादान मुकाट्यानं वर चढून बसला. समोर त्याची बायको दया भावजयीशेजारी खाली बसली होती. तिनं पदराआड हसू लपवलं. बायकांचं बरं असतं, त्यांना कुणी खुर्चीवर चढवत नाही.

साहेब कसला, रेल्वेच्या कचेरीतला कारकून तो. सदतीस साली दयाला घेऊन नगर सोडून आफ्रिकेला गेला. चार वर्षांनी रजा मिळायची होती, तेवढ्यात लढाई पेटली आणि जहाजं बंद झाली. आता शेहेचाळीसच्या नाताळात कुठं जमलं. येण्याजाण्यातच रजा खलास. दौंडला गाडी बदलून नगरला उतरले, तेव्हा हातात उरले होते मोजून नऊ दिवस. पुढची रजा पाच वर्षांनी.

त्या नवांतले सहा दिवस चहात बुडाले होते. सकाळी पाळकसाहेबांकडं, दुपारी जॉर्जच्या शाळेतल्या मास्तरांकडं, संध्याकाळी दयाच्या मावसबहिणीकडं. साखर रेशनची. आठवड्याची साखर एका कपात ओतून माणसं हौसेनं समोर उभी राहात, आणि "नको" म्हणायची सोय नसे. मग तेच प्रश्न. सिंह पाहिला का? तिकडं पाव खातात की भाकरी?

त्याला हवं होतं एकच. सूर्यभान मास्तरांच्या मागं उभं राहून एकदा, फक्त एक कीर्तन, टाळ धरायचा.

सूर्यभान मास्तर नगरच्या ख्रिस्ती मंडळीतले कीर्तनकार. नुसती मंडळी नव्हे, माळीवाड्यातले हिंदू शेजारीही त्यांच्या कीर्तनाला येऊन बसत. नगर सोडण्याआधी बारा वर्षं कृपादान त्यांचा टाळकरी होता. मास्तर ओळ टाकत, आणि ओळीच्या शेवटी श्वास घ्यायला थांबले की ती उचलून धरायचं काम कृपादानाचं. ऐकणाऱ्याला सांधा कळत नसे. नैरोबीत दर रविवारी जेवण झालं की तो टाळ काढी आणि मास्तरांची ओळही आपणच म्हणे, उचलेही आपणच. दया म्हणायची, "शेजारचे विचारतात, तुमच्याकडं दर आठवड्याला लग्न असतं का?" मास्तरांचं वर्षातून एखादं पत्र येई. त्यात शेवटी हमखास असायचं, 'ये. उभे राहू.'

आणि इकडं आल्यावर पहिल्याच दिवशी हाती काय पडलं, तर छापील पत्रक. रविवारी दुपारी चार वाजता देवळाच्या आवारात नाताळचं कीर्तन. अध्यक्ष, श्रीमान कृपादान, नैरोबीवाले.

"मला विचारायचं तरी, जॉर्ज!"

"विचारायचं काय त्यात? मान आहे तो!"

मास्तरांकडं जायला तो तीनदा निघाला. एकदा पाळकसाहेबांनी टांगा थांबवून आत बसवलं, एकदा घरीच पाहुणे आले, तिसऱ्यांदा वेशीजवळ कुण्या ओळखीच्यानं हाताला धरून घरी नेलं. शनिवारी दुपारी पुन्हा दारात तिघेजण दिसले, तेव्हा तो दातओठ खात मागच्या खोलीत आला.

"जा तुम्ही मागच्या दारानं," दया म्हणाली. "मी सांगते, पोट बिघडलंय."

"खोटं बोलशील?"

"एवढा चहा प्याल्यावर खोटं कुठं राहतंय ते? पळा!"

मास्तरांचं घर वेशीच्या आत, दोन खोल्यांचं. दारातच म्हातारा उभा. किती वाळला होता! कृपादान वाकला, तशी मास्तरांनी त्याला उराशी धरलं.

"सलाम, बाबा, सलाम. आलास. लई वाट बगायला लावलीस."

आत एक चाळिशीचा काळासावळा माणूस होता, हातमागावर काम करणारा. तो चट्कन उठून उभा राहिला.

"ह्यो भिमाजी," मास्तर म्हणाले. "तू गेल्यावर ह्यानं सांभाळलं मला."

"आमी कसलं सांबाळतोय," भिमाजी लाजला. "तुमची जागा, सायेब. उद्या तुमीच उभं ऱ्हावा. आमी काय, रोजचेच."

कृपादानानं पिशवीतून टाळ काढला. मास्तरांनी डोळे मिटले, चिपळ्या उचलल्या आणि ओळ सुरू केली, "जागे राहा मेंढपाळांनो, पहाट आली रानी..."

पण ओळ रानापर्यंत पोचलीच नाही. 'जागे राहा' म्हणताच आवाज तुटला. कृपादान ओळीचा शेवट येईल म्हणून टाळ उचलून थांबलेला. मध्ये नुसती शांतता. मग खोकल्याची उबळ.

"चुकलो. पुन्हा एकदा, मास्तर."

दुसऱ्यांदा तो आधीच शिरला, आणि मास्तरांच्या शब्दावरच त्याचा शब्द आदळला. तिसऱ्यांदा श्वास 'मेंढपाळांनो'वर तुटला. कृपादान चाचपडला. तेवढ्यात कोपऱ्यातून, नकळत, भिमाजीनं ओळ उचलली. अलगद. जणू ती तुटलीच नव्हती. मास्तरांचा गळा मागून येऊन तिच्यात मिसळला आणि कडवं पुरं झालं.

भिमाजीनं जीभ चावली. "माफ करा, सायेब. सवय."

"कसं कळतं तुला?" कृपादानाचा आवाज त्याला नको होता तेवढा चढला. "दर वेळी वेगळ्या जागी तुटतं!"

"उजवा खांदा बगायचा. वर चढला की श्वास सरला. मला बी दोन वर्सं लागली."

कृपादान खांद्याकडं बघत राहिला. खांदा दिसायचा, पण हात उशिरा हलायचा. नऊ वर्षं त्यानं मनातल्या ज्या मास्तरांना साथ दिली, ते मास्तर नैरोबीतच राहिले होते. सहा वेळा, सात वेळा झालं. मास्तर घामानं ओले झाले, तेव्हा त्यानं टाळ खाली ठेवला.

"उद्या तूच ऱ्हा उभा," मास्तर धापा टाकत म्हणाले. "चुकलं तर चुकू दे. पुन्हा कवा येशील, आन मी कुठं असंन? भिमाजीला मी सांगितलंय."

"व्हय, सांगितलंय," भिमाजी म्हणाला.

परतताना कृपादान चिडून चालत होता. कुणावर चिडावं? लढाईवर? जहाजांवर? जॉर्जच्या खुर्चीवर? सहा दिवस आधी आलो असतो तर निदान खांदा तरी शिकलो असतो! मग त्याला वाटलं, सहा दिवसांत तरी काय आलं असतं. त्या विचारानं तो अधिकच चिडला.

"झाली तालीम?" दयानं विचारलं.

"माझ्या टाळानं मास्तरांचा जीव जातो गं," तो म्हणाला, आणि भिंतीकडं तोंड करून पडला.

रविवारी चारला आवार भरून गेलं. सतरंजीवर पुरुष, पलीकडं बायका, कुंपणाशी माळीवाड्यातली मंडळी. कृपादानाच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. त्यानं चार शब्द बोलून अध्यक्षपण उरकलं. मग मास्तर पुढं आले आणि हात जोडून म्हणाले, "माझा जुना टाळकरी आलाय. नऊ वर्सांनी आलाय. आज तो मागं उभा ऱ्हाईल. कृपा, ये बाबा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. भिमाजीनं आपला टाळ दोन्ही हातांनी पुढं केला. कृपादान उठला. दोन पावलं टाकली.

मास्तरांनी अजून एक शब्दही गायला नव्हता. एवढ्याशा बोलण्यानंच त्यांचा उजवा खांदा वर चढला होता. समोर हजारभर माणूस बसलेलं. तिथं ती शांतता पडली, तो खोकला आला, तर?

हवं ते एका हाताच्या अंतरावर होतं. कृपादान थांबला.

"मास्तर, माफ करा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "एवढा वेळ उभं राहायची सवय गेली माझी. मी आपला बसूनच ऐकतो."

आणि जाऊन बसला.

लगेच कुजबुज उठली. जॉर्ज तेवढा खूश होऊन कानाशी लागला, "बरं केलंत, दाजी. अध्यक्षाला शोभत नाही ते." बायकांत दयाच्या पाठीमागं मालनबाई बसली होती. ती शेजारणीला म्हणाली, "आफ्रिकेचं पानी लागलं गं. टाळ धरायची लाज वाटती आता सायबाला." दयाला शब्द न् शब्द ऐकू गेला. तिनं मागं वळून पाहिलं नाही. नुसता पदर सारखा केला आणि नवऱ्याकडं पाहात राहिली.

मास्तरही त्याच्याकडं पाहात होते. त्यांना खरं कारण उमगलं, का त्यांचं मन मोडलं, हे कृपादानाला त्या नजरेतून कळलं नाही. विचारायला वेळही नव्हता. भिमाजी मागं जाऊन उभा राहिला होता, चिपळ्या वाजल्या होत्या.

"जागे राहा..."

ओळ तुटली, आणि कुणालाच कळलं नाही. भिमाजीनं ती केव्हा उचलली, मास्तर तिच्यात केव्हा परत आले, समोरच्या हजार माणसांना पत्ता लागला नाही. लोक डोलायला लागले. कुंपणाजवळच्या म्हाताऱ्यांनी ताल धरला. कृपादानानं दोन्ही तळहात मांडीखाली दाबून धरले होते, आणि ओठ मिटले होते.

सोमवारी सकाळच्या गाडीनं ती दोघं गेली. निरोपाला माणसं थोडीच आली.

तर मायबापहो, तुम्ही कीर्तनाला जाल, रंगून जाल, बुवांना हार घालाल. जरूर घाला. रात्री प्रार्थनेला बसाल तेव्हा भिमाजीचंही नाव घ्या. आणि त्याच्या पाठोपाठ त्या कृपादानाचं घ्या. त्याला लोक गर्विष्ठ म्हणून ओळखतात. तुम्ही तरी तसं म्हणू नका.