क्रूसापाशी घेतलेलं नाव

रेडिओवर सकाळी सांगितलं, आफ्रिकेच्या एका बंदराबाहेर उभ्या जहाजावर चाचे चढले, सुरे घेऊन. एक खलाशी मेला. जहाजाचं नाव नाही, माणसाचं नाव नाही. माझा नवरा अर्बन खलाशी, त्याच बंदराबाहेर धक्क्याची वाट बघत सिमेंटच्या जहाजावर अडकलेला. कंपनीच्या ऑफिसात गेले तर म्हणाले, तार आली की कळवू.

संध्याकाळी आमच्या कुर्ल्याच्या गावठाणात क्रूसापाशी प्रार्थना होती. मे महिन्यात रोजच असते. नंतर उकडलेले चणे वाटतात आणि बाप्ये गप्पा छाटतात. त्या दिवशी त्यांना प्रार्थनेआधीच तोंड फुटलं.

"सगळ्या देशांनी मिळून लढाऊ जहाजं पाठवायची," माझा दीर सेबॅस्टियन म्हणाला. "दिसेल ती होडी बुडवायची. खेळ खलास!"

शेजारचा दशरथ मालवणकडचा. तो म्हणाला, "आणि खयची होडी चोराची, ता कसा कळतला? मासेमार बुडवतलास तू."

"बंदर ज्याचं, बंदोबस्त त्याचा," रोझारिओ अंकल म्हणाले. प्रार्थना तेच चालवतात. "दुसऱ्याच्या दर्यात आपलं नौदल कसं घुसणार?"

"मग खलाशांना बंदुका द्या!" सेबॅस्टियन म्हणाला.

"अर्बनला बंदूक?" मी तडकले. "त्याला घरातला उंदीर मारवत नाही. तुम्ही इथे चण्यांची वाट बघत लढाया मारा!"

"तसं नाही गं वयनी," सेबॅस्टियन म्हणाला, पण गप्प काही बसला नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. शेवटी माझ्या पोरीने, बेलाने, मेणबत्त्या पेटवल्या, तेव्हा सगळे गुडघ्यांवर आले.

प्रार्थनेत आधी दर्यावरच्या माणसांची नावं घेतात, शेवटी गावातल्या मेलेल्यांची. अंकल डोळे मिटून एकेक नाव म्हणत होते, आम्ही लहानपणापासूनच्या सवयीने उत्तर देत होतो.

"अर्बनच्या आत्म्याला, हे प्रभू, सार्वकालिक विसावा दे."

"आणि अखंड प्रकाश त्याच्यावर पडो."

सगळ्यांनी म्हटलं. मग कळलं. बेलाच्या हातातली मेणबत्ती पडली.

"चुकलं गं बाय," अंकल म्हणाले. "डोक्यात तोच वाद घोळत होता."

"परत घ्या त्याचं नाव," मी म्हटलं. "जित्यांमध्ये घ्या."

जगातल्या होड्या बुडवणारा सेबॅस्टियन मान खाली घालून बसला. अंकलनी दर्यावरच्या माणसांची प्रार्थना पुन्हा सुरू केली. अर्बनचं नाव त्यांनी डोळे उघडे ठेवून घेतलं.

"त्याला सुखरूप घरी आण," सगळे ओरडले. दशरथसुद्धा हात जोडून ओरडला.

माझ्या तोंडून मात्र शब्द फुटेना. मघाशी, पहिल्या वेळी, सगळ्यात मोठा आवाज माझाच होता.