नाल्यावरची रेंज

अँटेना बांधलेला बांबू तिने नाल्याच्या काठावर रोवला, आणि कारखान्याच्या मॅनेजरने तो लाथेने आडवा केला.

“चुकून पाय लागला हो, मॅडम.”

तिने बांबू उचलला, चिखल पुसला आणि पुन्हा रोवला. मागे कारखान्याच्या भिंतीतल्या पाइपातून तपकिरी पाणी धो धो पडत होतं. ते नदीला मिळायचं, आणि नदीचं पाणी खालच्या वस्तीच्या नळांना जायचं. पाण्यातली घाण सतत मोजून मोबाइलवरून आपोआप पाणीखात्याला कळवणारं यंत्र इथे बसवायचं होतं. तेवढी रेंज इथे मिळते का, हे तपासायला यंत्र बसवणाऱ्या कंपनीने तिला पाठवलं होतं.

“इथे कसली रेंज? वर पुलापाशी बघा. तिथे झकास येते.”

“पूल तुमच्या पाइपाच्या वरच्या अंगाला आहे. तिथलं पाणी स्वच्छच असणार.”

“अक्कल पाजळू नका. फाटकावर तासभर ताटकळत ठेवलं, तेव्हाच समजायला हवं होतं.”

उन्हाने तिचा घसा कोरडा पडला होता. तिने मॅनेजरसोबत आलेल्या वॉचमनकडे प्यायला पाणी मागितलं.

“नाल्यात आहे की,” तो म्हणाला. मॅनेजर खदाखदा हसला.

तिच्या हातातल्या मीटरवर रेंजच्या चारही काड्या उजळल्या. तिने तो मॅनेजरसमोर धरला. त्याने तो न पाहताच फोन कानाला लावला आणि भिंतीपाशी जाऊन दबक्या आवाजात काहीतरी बोलला. परत आला तेव्हा त्याच्या कपाळावरची आठी गेली होती.

थोड्याच वेळात तिचा फोन वाजला. तिचे साहेब.

“हे बघ, वाद घालू नकोस. नाल्यावर रेंज नाही असं कळव, आणि पुलाची जागा पक्की कर. नोकरी टिकवायची आहे ना?”

मॅनेजर खिशात हात घालून मजा बघत होता. तिने फोन स्पीकरवर टाकला.

“साहेब, मी नाल्यावरच उभी आहे. तुमचा शब्द न् शब्द ऐकू येतोय. मॅनेजरसाहेबांनाही.”



“हॅलो?” साहेब म्हणाले. “हॅलो, आवाज तुटतोय तुझा. काहीच ऐकू येत नाही.”

एकेक अक्षर खणखणीत पोहोचलं. मॅनेजरने नजर वळवली.

तिने फोन कट केला, मीटरवरचे आकडे थेट पाणीखात्याला पाठवले, आणि खाली बसून बांबूच्या बुंध्याशी दगड रचायला घेतले.