वरची बाजू थंड आहे

आता ताठ उभं राहायची ताकद माझ्यात नाही, म्हणून भिंतीला टेकूनच बोलते. मी पुलास्की. नाव कुणा जुन्या वनरक्षकाचं, रूप मात्र साधं. एकाच लोखंडाला एका बाजूनं कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूनं कुदळ, आणि मधल्या भोकात कमरेइतका लांब लाकडी दांडा. कुऱ्हाडीनं मुळं तोडायची, कुदळीनं पालापाचोळा ओढून खालची माती उघडी करायची. आगीच्या वाटेत उघड्या मातीचा पट्टा काढला, की तिला पुढं खायला काही उरत नाही आणि ती थांबते. दोन कामं एकीच्याच गळ्यात पडली की तिचं काय होतं, ते घरोघरच्या बायकांना विचारा.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तो मला आठवत नाही. आठवतं ते मोंटानाच्या डोंगरातलं वनखात्याचं ठाणं आणि माझ्या दांड्यावर मारलेला लाल रंगाचा पट्टा. त्या काळी हुकूम असा होता, की कुठंही धूर दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आग विझलीच पाहिजे. वीज पडून एकटंदुकटं झाड पेटलं, तरी आम्ही डोंगर चढून जायचो. आइनार टॉलेफसन नावाचा उंच, अबोल माणूस मला हातात धरून चालायचा. खांद्यावर कधीच घ्यायचा नाही. पाय घसरला तर मान आपलीच, असं म्हणायचा.

एकदा आइनारनं पट्ट्याच्या आड आलेला एक जुना पाइन तोडला. बुडख्यावरच्या वर्तुळांमध्ये मधेमधे काळे डाग होते, दहा-बारा वर्षांच्या अंतरानं एक. आइनार गुडघ्यावर बसून बराच वेळ ते मोजत राहिला. म्हणजे आग इथून वरचेवर जात आली होती, खालचं गवत आणि वाळलेल्या काड्या खाऊन, आणि झाड मात्र तीनशे वर्षं जगलं होतं. त्यानं हे साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, आपलं काम विझवायचं, मोजायचं नाही.

मग आम्ही विझवत गेलो आणि जंगल भरत गेलं. ज्या झाडांमधून पूर्वी घोडा दौडत जायचा, तिथून कुत्र्यालाही अंग चोरून जावं लागायला लागलं. पूर्वीची आग गवतातून चालायची, आताची शेंड्याशेंड्यांवरून पळायला लागली. माझी धार बोथट व्हायची, घासली जायची, पुन्हा बोथट व्हायची. दोनदा दांडा बदलला. थकवा माझ्या पाचवीलाच पुजलेला आहे. पण आपण जे मरमरून करतोय तेच पुढची आग मोठी करतंय, हे कळल्यावर येणारा थकवा वेगळा असतो. तो विश्रांतीनं जात नाही.

आइनार निवृत्त झाला, तेव्हा मला गुपचूप घरी घेऊन गेला. त्याची मुलगी व्हर्ना त्याच ठाण्यात कामाला लागली होती. तिनं मला पुन्हा डोंगरावर नेलं. तोवर वारं फिरलं होतं. आता हिवाळ्याच्या तोंडावर, हवा ओलसर आणि वारा मंद बघून, आपणच छोटी आग लावायची असं ठरलं. उताराच्या वरच्या कडेपासून सुरू करायचं आणि पट्ट्यापट्ट्यानं खाली यायचं, म्हणजे आग हळू चालते. ज्यांनी जन्मभर विझवली त्यांनीच आता लावायची. खोऱ्यातले लोक हसले, पण पाच-सहा वर्षांत व्हर्नानं जाळलेले उतार पुन्हा मोकळे झाले, आणि हसणारेच तिला आपल्या कुंपणामागचं जंगल दाखवायला यायला लागले.

व्हर्ना स्वभावानं खाष्ट. तिचा एक नियम होता. आग विझल्यावर तीन दिवस प्रत्येक बुडखा, प्रत्येक मूळ तपासायचं. हातमोजा काढून उघड्या हाताची मागची बाजू मातीवर टेकवायची. ऊब लागली तर मला घेऊन खणायचं, पाणी ओतायचं, कालवायचं, पुन्हा हात लावायचा. नव्या माणसाला हे खुळेपणाचं वाटायचं. ती म्हणायची, "डोळ्याला राख दिसते. राखेखाली काय आहे ते हाताला विचार."

आता ज्या दिवसानं माझी झोप उडवली, तो सांगते. ऑक्टोबर होता. आर्लो प्रुइट नावाच्या घोडेवाल्याच्या कुरणाच्या वरचा उतार आम्ही जाळला होता. अगदी मनासारखा जळला. तिसऱ्या दिवशी तपासणी चालू असताना डेल हॉगन या व्हर्नाच्या जुन्या सोबत्याच्या कुदळीचा दांडा तडकला, म्हणून व्हर्नानं त्याला मला दिलं आणि वरच्या बाजूला पाठवलं. डेल कामाला वाईट नव्हता. पण सलग सतरा दिवस तो डोंगरावर होता. डोळे लाल झाले होते, गुडघा सुजला होता.

वर एक जाडजूड बुडखा होता. डेलनं मला त्याला टेकवलं, स्वतः बाजूच्या दगडावर बसला आणि हरणाच्या मटणाचा सुका तुकडा चघळत राहिला. मग उठला, बुडख्यावर हात ठेवला. हातमोजा काढला नाही. वॉकीटॉकी तोंडाशी नेऊन म्हणाला, "वरची बाजू थंड आहे."

थंड नव्हती. माझं लोखंड त्या बुडख्याला टेकलेलं होतं आणि मला ऊब कळत होती. मी काय करणार? मी ओरडू शकत नाही. घसरून पडले, एवढंच माझ्या हातात होतं, तर त्यानं मला उचललं आणि उतार उतरायला लागला.

चार दिवसांनी बर्फ पडला. सगळ्यांना वाटलं, झालं. पण मूळ धुमसायला लागलं की बर्फाचंही काही चालत नाही. ते हिवाळाभर जमिनीखालून, उंदराच्या बिळासारखं, चाळीस पावलं लांब गेलं. एप्रिलमध्ये बर्फ वितळला, गेल्या सालचं गवत वाळलं, वारा सुटला, आणि आर्लोच्या कुंपणापाशी ते वर आलं. दुपारच्या जेवणाला बसलेली माणसं हात धुवायच्या आत सुक्या गवतानं भरलेला घोड्यांचा अख्खा गोठा पेटला. आर्लोनं चार घोडे बाहेर काढले. पाचवी म्हातारी घोडी होती, डोळ्यांनी अधू. ती दारापर्यंत आली आणि धुराला बिचकून पुन्हा आत गेली. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते मी त्या दिवशी पाहिलं.

चौकशीला बाहेरून माणसं आली. व्हर्नानं त्यांना सांगितलं, की आग माझी होती, म्हणजे चूकही माझीच. कुणाचं नाव घेतलं नाही. पण त्याआधी गाडीपाशी तिनं डेलला एकदाच विचारलं होतं.

"डेल, त्या वरच्या बुडख्याला हात लावला होतास ना?"

"लावला होता."

"मोजा काढून?"

"हो. गार होता."

व्हर्नानं मान हलवली. तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला, आणि तिथंच घात झाला. कारण डेल खरं बोलत असेल, तर हात खोटा ठरत होता. हात लावून, गार लागूनही जर आग आत राहू शकते, तर गेली वीस वर्षं ती लोकांना जे शिकवत आली ते सगळं फुकट. दोषाचं तिला फारसं वाटलं नसतं, दोष ती पचवायची. पण आपल्याला येत असलेली एकुलती एक गोष्ट आपल्याला येतच नव्हती, हे तिला पचलं नाही. तिनं ठाणं सोडलं. त्या खोऱ्यात पुन्हा कुणी आग लावली नाही.

सहा वर्षं मी तिच्या अंगणात बटाटे खणले आणि हिवाळ्यात कोंबड्यांच्या पाण्यावरचा बर्फ फोडला. डेल दर आठवड्याला यायचा. कधी हरणाचं मटण, कधी हकलबेरी या रानफळाचा मुरांबा. तिचं छप्पर नीट करायचा, सरपण फोडून रचायचा. शेजारीपाजारी म्हणायचे, मैत्री असावी तर अशी. मला मात्र एक दिसलं आहे. ज्याला एक वाक्य बोलायचं असतं आणि बोलवत नाही, तो माणूस शंभर कामं करतो. व्हर्ना त्याला चिडवायची, "अरे, माझ्याकडे लग्नाचं विचारायला येतोस का काय? विचार तरी एकदाचं." तो हसायचा, पण ते हसणं तोंडापुरतंच असायचं.

गेल्या ऑगस्टमध्ये पलीकडच्या खोऱ्यात आग लागली. तीन आठवडे सूर्य तांबडा दिसत होता. ती विझली तेव्हा तिकडची एकवीस घरं गेली होती. त्यानंतरच्या एका दुपारी डेल व्हर्नाच्या पडवीत मला नवा दांडा बसवत होता. जुना सडला होता. नवा दांडा भोकात घालून तो पाचर ठोकणार, एवढ्यात आर्लो प्रुइट आला. गोठा जळाल्यापासून त्यानं या घराचा उंबरा पाहिला नव्हता. टोपी हातात घेऊन तो पायरीवरच थांबला.

म्हणाला, "माझ्या मागचा उतार बघितलास व्हर्ना? सहा वर्षांत माणूस आत शिरेना असा माजलाय. आता वीज पडली तर माझं घर जाईल, मग तुझं, मग खालची शाळा. या ऑक्टोबरात तू जाळ. ठाण्यातल्या पोरांना मी विचारलं. ते म्हणतात, व्हर्ना पुढं असेल तरच."

"तुझी घोडी माझ्याच आगीत गेली, आर्लो."

"गेली. मी काही विसरलेलो नाही. तरी आलोय."

व्हर्नानं आपला उजवा हात उलटा करून बघितला. "मी नाही करणार. या हाताला कळत नाही. कळतं असं मला वाटायचं. गार लागला आणि आत आग होती. हात खोटं बोलतो म्हटल्यावर मी काय बघून सांगू, की जा, सुरक्षित आहे म्हणून?"

 आर्लोनं टोपी घातली आणि तो वळला.

डेलच्या हातातली हातोडी खाली आली, पण पाचरीवर नाही. त्यानं ती जमिनीवर ठेवली.

"व्हर्ना, मी मोजा काढला नव्हता."

आर्लो पायरीवरच मागं वळला.

"मोजा काढला नव्हता," तो पुन्हा म्हणाला. "मोज्यावरूनच हात ठेवला. पाय उचलत नव्हते माझे. म्हटलं, असेल थंड. नंतर तू विचारलंस तेव्हा तोंडून गेलं, आणि मग दर आठवड्याला म्हणत होतो की आज सांगीन."

व्हर्ना त्याच्याकडे बघत राहिली. ती ओरडेल असं मला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"सहा वर्षं," ती म्हणाली. "मी रोज सकाळी चुलीजवळ हात धरून बघायची, डेल. कळतंय का ते बघायची. आणि तू इथं माझं सरपण फोडत होतास."

"हो."

"जा घरी."

डेल आर्लोपुढं थांबला, काहीतरी पुटपुटला. आर्लोनं त्याच्याकडे बघितलंही नाही. डेल गेल्यावर व्हर्ना पायरीवर बसली आणि रडली. वाईट वाटलं म्हणून रडली की जीव हलका झाला म्हणून, हे तिलाही सांगता आलं नसतं. आर्लो तिच्याशेजारी बसून राहिला. उठताना ती एवढंच म्हणाली, की कुरणाच्या वरच्या कडेनं पट्टा काढायला माणसं लागतील, किती देशील. माझी पाचर मग तिनंच ठोकली. जरा तिरकी ठोकली, पण घट्ट.

ऑक्टोबरात आम्ही तो उतार जाळला. सहा वर्षांचा कचरा होता, धूर फार झाला, दोन ठिकाणी आग झाडावर चढू बघत होती. माणसं कमी होती. पहिल्या दिवशी डेल न बोलावता आला आणि आर्लोच्या अंगणात पाण्याचे पिंप भरत राहिला. दुसऱ्या दिवशीही आला. व्हर्नानं त्याला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी तपासणीला हात कमी पडायला लागले, तेव्हा ती खाली गेली, मला त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "वरची बाजू बघ."

आर्लो कुंपणापाशी उभा होता. त्याचा चेहरा कठीण झाला.

डेल चढायला लागला. त्याचा गुडघा आता कायमचाच दुखतो. तो पंधरा बुडखे बघून झाला, दरवेळी मोजा काढून. सोळाव्याशी त्यानं मला टेकवलं, खाली बसायला गेला आणि मधेच थांबला. मला कळलं, की हा तोच क्षण आहे. त्यानं वॉकीटॉकी तोंडाशी नेला.

"व्हर्ना, मी थकलोय. सोळावा राहिला आहे, त्याच्या पुढचे दहा राहिलेत. मी ते बघितलेले नाहीत. माझ्याच्यानं आज होणार नाही."



मग तिचा आवाज आला. "बस तिथंच. मी येते."

ती आली. डेलच्या शेजारून पुढं गेली, मोजा काढला, सोळाव्या बुडख्याच्या मुळाशी उघडा हात टेकवला आणि झटकन मागं घेतला. मला उचललं आणि खणायला लागली. हातभर खाली लाल निखारा होता.

मी आता फार थकले आहे. लोखंड झिजून निम्मं झालंय, पुढच्या दांड्याला हे भोक टिकेल असं वाटत नाही. एखाद्या सकाळी मला भंगारात टाकाल तर माझी तक्रार नाही. जाता जाता एवढंच मागते. बाबांनो, थकलात तर थकलो म्हणा. थंड आहे म्हणू नका.