राक्षसाला शिंगं नव्हती

देवासच्या विनोदिनीबाईंनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, आणि तेही एका म्हातारीच्या अंगठ्यासाठी अडून बसलं होतं.

अडतीस वर्षं त्यांनी देवासात मराठी शिकवली. सुरुवातीला वर्गात बाक पुरत नसत, निवृत्त झाल्या तेव्हा तीन पोरं उरली होती आणि त्यातलं एक खिडकीतून पळायचं. घरात मुलगा मनन मराठी बोले, पण भाजी आणि औषधांपुरती. नात चिऊ नऊ वर्षांची. हिंदी ती घडाघडा वाचायची. लिपी तीच, तरी मराठीचं पान समोर आलं की अंधारात चपला शोधल्यासारखी चाचपडायची. आपल्या नावाचं एक मराठी पुस्तक या पोरीच्या हातात पडावं, एवढीच विनोदिनीबाईंची इच्छा होती. इच्छा लहान होती म्हणून ती निरुपद्रवी होती, असं मात्र नाही.

पुण्याच्या एका प्रकाशनानं मुलांसाठी देशोदेशीच्या लोककथांची मालिका काढली होती. जपानच्या, घानाच्या, संथाळांच्या, नागा लोकांच्या. माळवा-निमाडचं पुस्तक विनोदिनीबाईंकडे आलं. त्यात नऊ कथा होत्या. आठ जेमतेम होत्या. नववीवर सगळं पुस्तक उभं होतं. संपादिका स्वानंदीनं ती फोनवर लगेच दुसऱ्यांदा सांगायला लावली होती.

ही नववी गोष्ट मिळाली कशी, ते सांगायचं तर दसऱ्यापासून सुरुवात करावी लागेल.

विनोदिनीबाईंचे थोरले बंधू भैयासाहेब धारला राहतात. त्यांच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीच्या वर, काचेच्या पेटीत पणजोबांची पगडी आहे. पणजोबा संस्थानात कमाविसदार होते, म्हणजे एका परगण्याचा वसूल आणि कारभार त्यांच्या हाती. दर दसऱ्याला पगडीची पूजा होते आणि भैयासाहेब विहिरीची कथा सांगतात. भयंकर उन्हाळा पडला होता, रयत तहानेनं तडफडत होती, पणजोबांच्या स्वप्नात देवी आली, पायाच्या अंगठ्यानं तिनं जागा दाखवली, आणि पणजोबांनी पदरमोड करून तिथं विहीर बांधली. "अजून पाणी आहे तिला," इथं भैयासाहेब डोळे पुसत. गेली चाळीस वर्षं ते त्याच जागी डोळे पुसत आले होते.

दोन वर्षांपूर्वी ते बहिणीला म्हणाले, "विनू, माझे गुडघे गेले. तू एकदा जाऊन ये. पणजोबांच्या नावाचा दगड आहे तिथं, त्याचा फोटो काढ ढंगाचा. फ्रेम करू."

विनोदिनीबाई गेल्या. कुक्षीच्या पलीकडे आमलीफलिया, म्हणजे चिंचेचा पाडा, अशा नावाची भिलांची वस्ती, तिच्या टोकाला विहीर. दगड सापडला, नावही सापडलं. त्यांनी पिशवीतून हळद-कुंकू काढलं, दगडाला वाहिलं, जास्वंदीचं फूल ठेवलं, वाकून नमस्कार केला. मग विहिरीत डोकावल्या. आत तळाला तडे गेलेला गाळ आणि एक फाटकी चप्पल होती.

कडुनिंबाखाली एक म्हातारी मोहाची फुलं निवडत बसली होती. तिचं नाव थावरीबाई. तिनं या शहरातल्या बाईला हातपंपाचं पाणी दिलं, बसायला खाट दिली. "इस कुएं में पानी कब से नहीं है?" विनोदिनीबाईंनी विचारलं.

"पानी तो है," थावरीबाई म्हणाली. "छोरी के मुंह में है. बात सुनेगी? पण हुंकारा देना पड़ेगा, बाई. हुंकारा नी, तो बात नी."

तिकडे गोष्टीला बात म्हणतात, आणि बात एकट्यानं सांगता येत नाही. सांगणारीनं एक वाक्य सांगायचं, ऐकणारीनं 'हूं' म्हणायचं, मग पुढचं वाक्य. हूं थांबला की बात थांबली. विनोदिनीबाई हूं म्हणू लागल्या.

एक राक्षस होता. हूं. त्याच्या डोक्यावर पगडी होती. हूं. कानावर बोरू होता आणि काखेत वही. तो माणसं खात नसे, माणसांची नावं लिहीत असे. ज्याचं नाव कागदावर चढलं त्यानं घर सोडून खड्ड्यात उतरायचं. तीन उन्हाळे त्यानं फलियातल्या लोकांकडून विहीर खणवली. मजुरी नाही, भाकर नाही. पाणी लागलं तेव्हा तो म्हणाला, हे पाणी माझं, तुम्ही नाल्यावर जा. तेव्हा काळी नावाची पोर, जिचा बाप खड्ड्यातच मेला होता, रात्री विहिरीत उतरली आणि झरा तोंडात घेऊन बसली. विहीर आटली. राक्षसानं तिला मारलं, चटके दिले, पाणी कुठंय म्हणून विचारलं. ती बोलली नाही. बोलली असती तर पाणी त्याला मिळालं असतं. ती अजून आत बसली आहे.

पगडीपाशी विनोदिनीबाईंचा हूं लगेच आला नव्हता. थावरीबाई थांबून राहिली होती, त्यांच्याकडे बघत. मग त्यांनी हूं म्हटलं आणि बात पुढे गेली.

त्या देवासला परतल्या. भैयासाहेबांना फोटो दिला, त्यांनी तो फ्रेम केला. पाण्याचं त्यांनी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही. गोष्ट मात्र त्यांना सोडीना. चांगली गोष्ट हाताशी आलेल्या माणसाला झोप लागत नाही, आणि घराण्याची लाज असलेल्याला तर त्याहून लागत नाही. दोन्हींवर त्यांनी एकच औषध काढलं. पगडी काढली आणि राक्षसाला शिंगं लावली. बोरू काढला आणि सुळे दिले. वही गेली, गदा आली. त्याचा रंग हिरवा केला. शेवटी काळी तोंड उघडते, कारंजं उडतं, राक्षसाला पश्चात्ताप होतो आणि सगळे मिळून पाणी पितात, असं लिहिलं.

"मूळ गोष्ट अशीच आहे ना?" स्वानंदीनं विचारलं होतं. "शेवट थोडा गोड वाटतो."

"अगदी अशीच," विनोदिनीबाई म्हणाल्या. मास्तरणीचा आवाज होता, त्यावर कोण शंका घेणार?

पण स्वानंदी नव्या पिढीची, कामाला चोख. मालिकेचा नियम असा की ज्यानं गोष्ट सांगितली त्याला ती छापण्याआधी वाचून दाखवायची, आणि त्याचं नाव घालून संमतिपत्रावर सही किंवा अंगठा घ्यायचा. कागद आला नाही तर गोष्ट पुस्तकातून जाईल. "आणि ही गेली तर, काकू, बाकीच्या आठांवर पुस्तक निघणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

म्हणून फेब्रुवारीत विनोदिनीबाई पुन्हा आमलीफलियात गेल्या. पर्समध्ये संमतिपत्र, शाईची डबी, आणि चित्रांसकट छापलेली कच्ची पानं. बस धारवरून गेली, पण भैयासाहेबांकडे त्या उतरल्या नाहीत. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं नाही.

थावरीबाई त्याच कडुनिंबाखाली होती. दोन वर्षांत बरीच वाळली होती. तिनं ओळखलं, पाणी दिलं, खाट दिली.

"तुम्हारी बात की किताब बन रही है," विनोदिनीबाई म्हणाल्या. "पढ़ के सुनाती हूं. मराठी में है, मैं हिंदी में बोलूंगी."

"सुना," थावरीबाई म्हणाली. "मैं हुंकारा दूंगी."

विनोदिनीबाई वाचू लागल्या. आमलीचं झाड असलेलं एक गाव होतं. हूं. गावात काळी नावाची पोर होती. हूं. थावरीबाई मांडी घालून, डोळे मिटून बसली होती, आणि दर वाक्याला तिचा हूं असा पडे की पुढचं वाक्य आपोआप तोंडात येई. विनोदिनीबाईंना वाटलं, आपण उगीच घाबरलो. म्हातारीला काय कळणार आहे, शिंगं काय आणि पगडी काय. मुलांची तर गोष्ट.

"एक दिन वहां एक राक्षस आया. उसके सिर पर दो बड़े-बड़े सींग थे."

हूं आला नाही.

विनोदिनीबाईंनी वर पाहिलं. थावरीबाईनं डोळे उघडले होते. रागावलेली नव्हती, नुसती बघत होती. विनोदिनीबाईंनी वाक्य पुन्हा वाचलं, जरा मोठ्यानं. वर्गातल्या ढ पोरासाठी वाचत तसं. हूं आला नाही. पलीकडे हातपंपावर कुणी तरी बादली भरत होतं, तिचा आवाज तेवढा आला.

मग त्या तशाच पुढे वाचत गेल्या. हुंकाऱ्याविना वाचणं किती जड असतं ते त्यांना तेव्हा कळलं. सुळे, गदा, हिरवा रंग, एकेक शब्द ओझ्यासारखा उचलून पुढे ठेवावा लागत होता. कारंजं उडालं, राक्षसानं हात जोडले, सगळे पाणी प्यायले. म्हातारीचं तोंड मिटलेलंच राहिलं.

"वो पुणे वालों ने थोड़ा बदल दिया," विनोदिनीबाई म्हणाल्या. अडतीस वर्षांत कुणा पोराला इतक्या सहज खोटं बोलताना त्यांनी पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर छडी मारली असती.

थावरीबाईनं चित्राच्या पानावर बोट ठेवलं. "इसके सींग नी थे."

"बच्चों की किताब है, बाई. बच्चे पगड़ी से क्या समझेंगे?"

"मेरे को मालम था तू उसके घर की है," थावरीबाई म्हणाली. "पैलेज दिन से. तूने पत्थर को फूल चढ़ाया. हमारे में कोई नी चढ़ाता."

विनोदिनीबाईंच्या हातातली पानं खाली आली. "फिर सुनाई क्यों?"

"हमारे छोरा-छोरी को तो ये बात मालम है. तेरे छोरा-छोरी को नी है. उनके वास्ते सुनाई थी."

ती हे दुखवण्यासाठी म्हणाली नव्हती, आणि तेच जास्त लागलं. विनोदिनीबाईंना रडू यावंसं वाटलं, पण रडणं घरात भैयासाहेबांकडे होतं. त्यांनी पानांखालचं संमतिपत्र पुढे केलं, कारण ते हातात होतं, आणि नावाची जागा बोटानं दाखवली. थावरीबाईनं कागदाकडे पाहिलं, वरच्या ओळीतल्या आपल्या नावासाठी सोडलेल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि दोन्ही हात लुगड्याखाली घेतले. "मेरा नाम मत लिख," एवढंच म्हणाली.

कुक्षीच्या बसस्टँडवर इंदूरच्या गाडीला अर्धा तास होता. विनोदिनीबाई चहाच्या टपरीमागच्या बाकावर बसल्या. कागद काढला. त्यांच्या मनात दोन रस्ते होते, हे खोटं नाही. स्वानंदीला फोन लावून सांगायचं, थांब, शिंगं काढते, पगडी घालते. मग दसऱ्याला भैयासाहेबांच्या दिवाणखान्यात, त्या पेटीखाली, ते पुस्तक उघडायचं. फोन त्यांनी हातात घेतलासुद्धा. मग अडतीस वर्षं आठवली, तीन पोरं आठवली, चिऊ आठवली, आणि आपल्या नावाचं मुखपृष्ठ. फोन पर्समध्ये गेला आणि पेन बाहेर आलं.

वळणदार, मास्तरणीच्या अक्षरात त्यांनी रिकाम्या जागेत नाव लिहिलं: थावरीबाई. मग शाईची डबी उघडली आणि खाली स्वतःचा डावा अंगठा दाबला.

पुस्तक दसऱ्याच्या आधी आलं. धारला पूजेच्या दिवशी भैयासाहेबांनी ते पगडीच्या पेटीपाशी ठेवलं, त्याला हळद-कुंकू वाहिलं आणि विहिरीची कथा सांगून नेहमीच्या जागी डोळे पुसले. "आता विनूची गोष्ट," ते म्हणाले. सगळे बसले. मननसुद्धा फोन ठेवून बसला.

"आजी, मराठी मला जमत नाही, तूच वाच ना," चिऊ म्हणाली. "मी काय करू?"

"तू हूं म्हण," विनोदिनीबाई म्हणाल्या. "एक वाक्य झालं की हूं. नाही तर गोष्ट पुढे जात नाही."

चिऊ मांडी घालून बसली. आमलीचं झाड असलेलं एक गाव होतं. हूं. गावात काळी नावाची पोर होती. हूं. एके दिवशी तिथं एक राक्षस आला, त्याच्या डोक्यावर दोन मोठी शिंगं होती. विनोदिनीबाई इथं थांबल्या. वर पेटीत पगडी होती, समोर नात होती, आणि त्या वाट बघत राहिल्या. नुसत्या थांबण्यानं काही होईल तर होवो, असं त्यांना वाटलं.

"हूं," चिऊ म्हणाली. सुळ्यांना हूं म्हणाली, गदेला हूं म्हणाली, राक्षसानं हात जोडले तेव्हा तर हसून हूं म्हणाली. हुशार पोर ती. शेवटपर्यंत तिनं एकही हूं चुकवला नाही.