अनुमोदक पेडणेकर

फुलपाड्यातल्या त्या सोसायटीत ठराव कुठलाही असो, पाण्याच्या टाकीचा, रंगकामाचा की गणपतीच्या मांडवाचा, त्याखाली एक ओळ ठरलेली असे: 'अनुमोदक – श्री. रमेश पेडणेकर'. सूचना कुणीही मांडावी आणि "सेकंड कोण करतंय?" हे विचारून व्हायच्या आत रमेशरावांचा हात वर. सेक्रेटरी जितेंद्र तर हल्ली त्यांचं नाव आधीच टाइप करून आणायचा. रमेशरावांना त्यात काही वावगं वाटत नसे. आपल्यामुळे सभा वेळेत संपते आणि चहा गरम मिळतो, असा त्यांचा समज होता, आणि खरं सांगायचं तर तो अगदीच खोटा नव्हता.

त्या रविवारी सकाळी नात आर्या इंग्रजीचा गृहपाठ घेऊन बसली होती. 'सपोर्ट'चे समानार्थी शब्द शोधून वाक्यात उपयोग करायचा होता. बॅक झालं, अपहोल्ड झालं, आणि मग गाडी अडली.

"आजोबा, सेकंड म्हणजे सपोर्ट कसा? सेकंड म्हणजे तर दुसरा."

रमेशरावांची कळी खुलली. "अगं, एकाने म्हणणं मांडलं की दुसऱ्याने सांगायचं, माझंही हेच म्हणणं आहे. त्याला सेकंड करणं म्हणतात. लिही, माय ग्रँडफादर सेकंडेड द मोशन."

"मग बॅक आणि सेकंड सेमच ना?"

"सेमच."

"सेम कसं असेल?" वसुंधराबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "पाठीशी उभं राहायला आधी स्वतःच्या पाठीला कणा लागतो. तुझ्या आजोबांचं सेकंड म्हणजे पूजेतल्यासारखं, हाताला हात लावून मम!"

आर्या हसली. रमेशरावांनी पेपर तोंडासमोर धरला. बायकोच्या बोलण्याला आज एवढी धार का, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

अर्नाळ्याची फ्लोरा कित्येक वर्षं सोसायटीच्या गेटच्या आत सावलीला मासळीची पाटी घेऊन बसायची. यंदा आवारात नव्या फरशा बसल्या आणि पाटीतलं पाणी, वास, मांजरं हे सगळं कमिटीच्या डोळ्यांत खुपायला लागलं. तिला आत बसायला बंदी करायचा ठराव आज सभेपुढे येणार होता. बाहेर रस्त्यावर रिक्षांची रांग, पाटी टेकायला वीतभर जागा नाही. बंदी झाली की तिचं इथलं गिऱ्हाईक तुटणार, हे उघड होतं. आणि त्या ठरावाखाली कुणाचं नाव टाइप झालेलं असणार, हेही.

"काल म्हणाली मला," वसुंधराबाई हात पुसत बाहेर आल्या. "'बाय, जाताना मी पानी मारून सगली जागा धुते. आनखी काय करू, सांगा.' मी काय सांगणार? आज मीच ठराव मांडते, तिला बसू द्या म्हणून. तुम्ही तेवढं..."

"बघू," रमेशराव म्हणाले. त्या घरात 'बघू'चा अर्थ आर्यालाही माहीत होता.

सभा खाली पार्किंगमध्ये भरली. बंदीचा विषय निघताच वसुंधराबाई उभ्या राहिल्या. "फ्लोराला सकाळपुरतं बसू द्यावं, जागा तिने धुऊन द्यावी, असा माझा ठराव आहे," एवढं बोलून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. एरवी आपसूक वर जाणारा रमेशरावांचा हात मांडीवरून हलेना. अध्यक्ष समोर, जितेंद्र शेजारी. रोज तोंडं बघायची.

अध्यक्षांनीच त्यांची सुटका केली. "वहिनी, राग मानू नका. फ्लॅट रमेशरावांच्या एकट्याच्या नावावर आहे. तुम्ही सभासद नाही, तेव्हा ठराव काही तुम्हाला मांडता येणार नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. वसुंधराबाई वाद न घालता, पदर सारखा करून खाली बसल्या.

हे असं बसणं रमेशरावांनी पूर्वी पाहिलं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. शाळेत नोकरी लागतेय, असं तिने जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं आणि दादा, म्हणजे रमेशरावांचे वडील, म्हणाले, काही गरज नाही. तेव्हाही तिने असंच त्यांच्याकडे पाहिलं होतं, आणि ते ताटातला भात कालवत राहिले होते.

रमेशराव उठले. "मग मी मांडतो."

"काका, तुम्ही अनुमोदक आहात," जितेंद्र गडबडला.

"आज सूचक."

सगळे हसले. "बरं, सेकंड कोण करतंय?" अध्यक्षांनी विचारलं, आणि हसू थांबलं.

फ्लोराशी घासाघीस करून वर दोन बोंबील मागून घेणारी माणसं ती. एक जण मोबाइलमध्ये शिरला, दुसऱ्याला फरशीची नक्षी अचानक आवडू लागली. बोलणं संपल्यापासून दुसऱ्याचा हात वर होईपर्यंत मध्ये किती मोठी जागा असते, हे रमेशरावांना आजवर ठाऊकच नव्हतं. त्या जागेत ते एकटे उभे होते, आणि त्यांना अगदी रडू येईल असं वाटलं.

"अनुमोदन नाही. ठराव बारगळला," अध्यक्ष म्हणाले. "आता मूळ ठराव. फ्लोराला बंदी. सूचक जितेंद्र, अनुमोदक श्री. रमेश..."

"माझं नाव खोडा."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "मग सेकंड कोण करतंय?"

गेटच्या गजांपलीकडे फ्लोरा डोक्यावर पाटी घेऊन सभा संपायची वाट बघत उभी होती. हात वर करील तो तिला दिसणार होता. आणि खरं म्हणजे, सेकंड करायची कुणाला सवयच उरली नव्हती. ते काम पेडणेकरांचं! जितेंद्र कागद हातात धरून उभा राहिला. त्याची मान हळूहळू खाली गेली, तेव्हा रमेशरावांना त्याचीसुद्धा कीव आली.

हाही ठराव बारगळला. "चहा घ्या," अध्यक्ष वैतागून म्हणाले. चहा पार निवला होता.

फ्लोराने आत येऊन नेहमीच्या जागी पाटी उतरवली. रमेशराव आणि वसुंधराबाई जिना चढू लागले.

"एकही माणूस उठला नाही गं," पहिल्या मजल्यावर रमेशराव म्हणाले. "फार लागतं मनाला."

"हं."

"तुझ्या नोकरीला दादा नको म्हणाले, त्या दिवशी तुलाही असंच..."

वसुंधराबाई कठड्याला धरून थांबल्या.

"त्या एकाच दिवशी नाही हो," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही आज सगळ्यांकडे बघत होतात. मी दर वेळी फक्त तुमच्याकडे बघायचे."